परतीची तारीख ठरलीय, चार महिने हातात आहेत: आधी काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही 67 वर्षांच्या, भाऊ, म्हणजे तुमचे यजमान, 70 चे. परदेशात अकरा वर्षं मिशनरी सेवा झाली. भाऊंकडे मंडळीचं, म्हणजे चर्चचं, काम, तुमच्याकडे मुलींचं वसतिगृह. चार महिन्यांनी कायमचं परतायचंय. भाऊ म्हणतात, शेवटच्या पंधरा दिवसांत सांगू, उगाच रडारड नको. मुलाने घरात खोली तयार ठेवलीय. मायदेशातल्या मंडळीने आतापासूनच तुमच्या बोलण्यासाठी रविवार आखायला सुरुवात केलीय आणि भाऊंना एका समितीचं अध्यक्षपद देऊ केलंय. तुम्हाला रात्री झोप लागत नाही. हे सगळं सांगून झाल्यावर विचारलंय मात्र एवढंच, की अकरा वर्षांचं सामान कसं आवरायचं, काय न्यायचं, काय देऊन टाकायचं.

सामानाचं सांगते, पण ते नंतर. झोप सामानामुळे उडालेली नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य मध्येच येऊन गेलंय: ‘मुलींना असं सोडून जाताना फसवल्यासारखं वाटतं.’ माझ्या मते खरा प्रश्न तो आहे. आपल्यामागे या कामाचं आणि माणसांचं काय होणार, आणि घरी गेल्यावर आपण नेमके कोण असणार?

सेवेवरून परतणाऱ्या जोडप्यांबरोबर परतीच्या आधी आणि परतल्यानंतर बसून बोलणं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यातून एक मत पक्कं झालंय. परत आल्यावर ज्यांना फार जड जातं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं घरी काहीच बिघडलेलं नसतं; तिथून निघताना काहीतरी अर्धवट सुटलेलं असतं. म्हणून या चार महिन्यांतला मोठा वाटा नीट निघण्याला द्या. घरी पोचल्यावरचं बरंचसं त्याने सोपं होतं.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते आधी सांगून टाकते, कारण मला तुमची सगळी माहिती नाही. ठरवून परतणं वेगळं आणि व्हिसा नाकारला, आजारपण आलं, संस्थेने काम बंद केलं म्हणून परतणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात राग आणि धक्का आधी बाहेर यावा लागतो, त्याशिवाय पुढचं काही सुचत नाही. तुमच्या पत्रावरून तुमचं परतणं ठरवून आहे असं धरते. दुसरं, तुम्ही आहात तिथे ख्रिस्ती माणसांवर लोकांची नजर असेल, तर जाहीर निरोपसमारंभ, फोटो, सोशल मीडियावरच्या पोस्ट हे सगळं टाळा. तुम्ही विमानात बसाल, पण फोटोतली माणसं तिथेच राहणार आहेत. तिसरं, पुन्हा भेटायला जाणं तुमच्या तब्येतीला आणि खिशाला जमेल का, याचं उत्तर तुम्हा दोघांकडे खरंखरं तयार हवं. त्याच्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

कधी सांगायचं?

आता. या महिन्यात. भाऊंच्या मनात काय आहे ते मला कळतं. माणसांना दुःख कमी व्हावं, असंच त्यांना वाटतंय. पण पंधरा दिवस आधी सांगितलं तर दुःख कमी होत नाही, फक्त ते तुमच्या पाठीमागे होतं. ज्यांना बोलायचं होतं ते राहून जातं, ज्यांच्याशी काही बिनसलंय ते तसंच राहतं, आणि मुलींच्या मनात कायमचं बसतं की यांनी आपल्याला माहीत असूनही सांगितलं नाही. शिवाय अशी बातमी लपत नाही. तिकिटाची चौकशी, घरमालकाशी बोलणं, एखादं कपाट विकायला काढणं, एवढ्यावरून गावाला कळतं. मग तुमच्या तोंडून कळण्याऐवजी अफवेतून कळतं, आणि अफवेत नेहमी पैसा आणि भांडण असतं.

क्रम मात्र महत्त्वाचा. पहिल्यांदा तुमची जागा घेणारी माणसं आणि मंडळीचे वडील, म्हणजे तिचा कारभार पाहणारी ज्येष्ठ माणसं. मग ज्यांच्याशी घरच्यासारखं नातं आहे ती दोन-चार कुटुंबं. मग मुली. मग रविवारच्या उपासनेनंतर सगळ्यांना. हे सगळं एकाच आठवड्यात उरका, म्हणजे कोणाला ‘आम्हाला शेवटी कळलं’ असं वाटत नाही. मुलींना सांगताना वसतिगृहाची पुढची ताई शेजारी बसलेली असू द्या. मुलांना आपण का चाललोय यापेक्षा आपल्यानंतर काय तसंच राहणार आहे, ते आधी ऐकायचं असतं. शाळा तीच, खोली तीच, मैत्रिणी त्याच, जेवण करणाऱ्या मावशी त्याच, हे सांगा. कारणं नंतर.

पैशाचा धागा

इथे मला थोडं थांबायचंय, कारण चांगल्या मनाच्या माणसांकडून सगळ्यात जास्त गुंता इथेच होतो. तुम्ही लिहिलंय की काही मुलींची फी तुम्ही स्वतः आणि तुमच्या ओळखीचे लोक भरतात. म्हणजे त्या मुलींचं शिक्षण संस्थेवर नाही, तुमच्या फोनमधल्या नंबरांवर उभं आहे. तुम्ही परतलात, दाते हळूहळू विसरले, की ते ढासळणार. ‘फसवल्यासारखं वाटतं’ याच्या मुळाशी मला तरी हेच दिसतं. आणि तसं असेल तर त्यावर रडण्याखेरीज करण्यासारखंही बरंच आहे.

19 व्या शतकात हेन्री व्हेन आणि रूफस अँडरसन या दोघांनी, एकाने लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीतून आणि दुसऱ्याने अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेतून, साधारण एकाच काळात एकच गोष्ट मांडली: स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि स्वतःच वाढावं. मिशनरी हा तात्पुरता, मंडळी कायमची. मराठी वाचकांना कदाचित माहीत असेल, हेच अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात आले होते आणि अहमदनगरच्या मराठी मिशनची पाहणी त्यांनी केली होती. त्यांच्या काही निर्णयांबद्दल, विशेषतः इंग्रजी शाळांबद्दल, तेव्हाही वाद झाला आणि आजही होऊ शकतो. पण ‘आपण निघून गेल्यावर हे चालेल का’ हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारा, हा त्यांचा आग्रह मला अजूनही पटतो. तुमच्याकडे पहिला दिवस उरलेला नाही. चार महिने आहेत. ते पुरेसे आहेत.

करायचं असं. प्रत्येक मुलीमागे एक ओळ लिहा: फी किती, कोण भरतं, कधीपर्यंत कबूल केलंय, पैसे कोणत्या मार्गाने येतात. मग प्रत्येक दात्याला स्वतः फोन करून विचारा, यापुढे थेट संस्थेच्या खात्यात द्याल का आणि किती वर्षं? जो ‘हो’ म्हणेल त्याची ओळख नव्या ताईंशी करून द्या. जो अडखळेल त्याला अडचणीत टाकू नका; त्याची जागा आत्ता, तुम्ही तिथे असतानाच भरून काढायची. तुम्ही स्वतः देणार असाल तर तेही संस्थेमार्फत द्या आणि मुदत सांगा. ‘मी आहे ना, काळजी करू नका’ असं कोणालाही म्हणू नका. परतल्यावर तुमचं उत्पन्न, तुमची औषधं, तुमचं राहणं हे सगळं नव्याने मांडायचंय. निरोपाच्या भरात दिलेला शब्द मोडला, तर मुलीला फीपेक्षा त्याचंच जास्त लागतं.

काम हातातून सोडणं

भाऊंना वाटतंय, शेवटच्या आठवड्यात फाइली आणि किल्ल्या दिल्या की झालं. फाइलींमध्ये काम अर्धंच असतं. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांतल्या एका बाईंना मी एक वही करायला सांगितली होती, ‘मी करते आणि कोणाला माहीत नाही’ अशा गोष्टींची. आठवडाभराने त्यांनी वही दाखवली. पहिल्या पानावर पंपाचा फ्यूज कुठे मिळतो, गॅस संपायच्या आधी कोणाला सांगायचं, असलं होतं. तिसऱ्या पानापासून माणसं सुरू झाली. एक म्हातारी आजी उपासनेला येते, तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही, तिच्या उजव्या बाजूला बसायचं. अमुक मुलीला सुट्टीत घरी पाठवण्याआधी तिच्या मामाशी बोलून घ्यायचं, बापाशी नाही. स्वयंपाकघरातल्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, निरोप तिसरीकडून द्यायचा. ही वही त्यांनी नव्या बाईंबरोबर बसून ओळ न् ओळ वाचली, आणि प्रत्येक नोंदीपुढे आता हे कोण करणार त्याचं नाव लिहिलं. काही नोंदींपुढे नाव लिहिताच येईना. तेच खरं राहिलेलं काम होतं, आणि ते त्यांना दोन महिने आधी कळलं.

तुम्हीही अशी वही आजच सुरू करा. मुलींच्या घरच्या खाजगी गोष्टी त्यात असतील तर वही उघडी टाकू नका, ज्यांना कळणं गरजेचं आहे त्यांनाच दाखवा.

भाऊंसाठी वेगळं सांगते. निघायच्या दोन महिने आधी बैठकांचं अध्यक्षस्थान सोडायचं, पण बैठकीला यायचं. मागच्या रांगेत बसायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. पहिल्या बैठकीत प्रत्येक ठरावाला सगळ्यांच्या माना मागे वळतात. तेव्हा त्यांनी समोर, नव्या अध्यक्षाकडे बघायचं. दुसऱ्या बैठकीत माना कमी वळतात. एखादा निर्णय चुकतोय असं वाटेल, पैशाचा गैरव्यवहार किंवा मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न नसेल तर होऊ द्या. तुम्ही तिथे असताना चुकून सावरलेला निर्णय त्यांना तुमच्या दहा सल्ल्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. हे भाऊंना फार जड जाईल. अकरा वर्षं ज्या जागी माणूस बसला, तिथे दुसऱ्याला बसलेलं बघणं सोपं नाही, आणि त्यांना तसं वाटलं तर त्यात कमीपणा काही नाही. पण हे दुःख त्यांनी तिथे, तुम्ही जवळ असताना सोसलेलं बरं. नाहीतर घरी येऊन ते फोनवरून कारभार करत राहतील.

फोनचं आत्ताच ठरवा. बँकेतल्या सह्या, पासवर्ड, सरकारी नोंदणीवरची नावं हे सगळं निघण्यापूर्वी बदलून झालेलं असावं. कामाच्या व्हॉट्सॲप गटांतून निरोप घेऊन बाहेर पडा. परतल्यावर पहिले काही महिने कामाबद्दल कोणी विचारलं तर एकच उत्तर: ‘हे नव्या ताईंना विचारा.’ मुलीचा वाढदिवस, कोणाकडे बाळ झालं, कोणी गेलं, यासाठी अवश्य बोला. गाऱ्हाणी मात्र ऐकायला बसू नका. नव्या माणसाला उभं राहायला जागा लागते, आणि तुमचा प्रेमळ कान ती जागा खाऊन टाकतो.

निरोप

डेव्हिड पोलॉक नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते. देशोदेशी वाढणाऱ्या मुलांवर आणि त्यांच्या कुटुंबांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. जागा सोडताना चार गोष्टी कराव्यात असं ते सांगत: समेट, कृतज्ञता, निरोप आणि पुढच्या जागेचा विचार. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून याला ‘राफ्ट’ म्हणतात. मूळ विचार मुलंबाळं असलेल्या कुटुंबांसाठी होता, पण वयस्क जोडप्यांना तो मला जास्तच लागू पडताना दिसतो.

चारांपैकी समेटाला सगळ्यात आधी हात घाला, कारण त्याला वेळ लागतो. ‘आता जायचंच आहे, कशाला उकरून काढायचं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! विमानात बसल्यावर मनात सगळ्यात जास्त तीच माणसं येतात, ज्यांच्याशी शेवटी नीट बोलणं झालं नाही. प्रत्येक ठिकाणी मैत्री जुळलीच पाहिजे असं नाही. जाऊन एवढं म्हटलं तरी पुरतं: अमुक वेळी मी तुमच्याशी कठोर बोलले, त्याचं मला वाईट वाटतं. समोरच्याने काय करायचं ते त्याच्यावर सोडा. बोलताना तिथल्या रीतीने बोला. काही समाजांत थेट माफी मागितली तर समोरचा अवघडतो, आणि मध्ये एखादं वडीलधारं माणूस घालावं लागतं. अकरा वर्षांत तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळलेलं असणार.

कृतज्ञता सर्वांसमोर भाषणात नको, एकेकाला, नेमकी सांगा. ‘तुमची खूप मदत झाली’ यात काही हाताला लागत नाही. ‘मी तापाने पडले होते तेव्हा तुम्ही तीन रात्री उशाशी बसलात’ हे त्या माणसाकडे राहतं.

आणि निरोप घेताना खरं बोला. तुमच्या वयात ‘लवकरच भेटू’ हे सगळ्यांना सांगता येत नाही. प्रेषित पौलाने इफिसच्या मंडळीच्या वडिलांना मिलेत गावी बोलावून घेतलं तो प्रसंग बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांच्या 20 व्या अध्यायात आहे. तीन वर्षं ज्यांच्यात राहिला त्यांना त्याने सरळ सांगितलं की यापुढे तुम्ही मला पाहणार नाही. ते सगळे त्याच्या गळ्यात पडून रडले, आणि मग त्याला जहाजापर्यंत पोचवायला गेले. भाऊंना रडारड नको असेल तर त्यांना हा भाग वाचून दाखवा. त्या रडण्याने पौलाच्या कामाला काही उणेपणा आला नाही.

जागांचाही निरोप घ्या. रोजची चालायची वाट, विहीर, शाळेचा व्हरांडा. तिथे आपलं कोणी पुरलेलं असेल तर त्या कबरीपाशी दोघांनी मिळून जा, आणि पुढे तिची देखरेख कोण करणार ते ठरवून या.

सामान आणि कागद

आता तुमचा मूळ प्रश्न. सामानाबद्दल माझं म्हणणं थोडकं आहे. जे न्यायचं ते आधी बाजूला काढा, आणि ते कमीच असू द्या. तिथल्या माणसांच्या हाताचं काही असेल तर ते आधी. संस्थेच्या पैशाने घेतलेलं आणि तुमचं स्वतःचं, याची यादी वेगळी करा आणि वडीलमंडळाला दाखवा. द्यायचं ते शेवटच्या दिवशी दारात उभं राहून वाटू नका, त्यातून हेवेदावे होतात. मोठ्या वस्तू संस्थेला किंवा मंडळीला द्या, व्यक्तींना फक्त लहान आठवणी. फ्रीज एकीला आणि पातेली दुसरीला दिली, तर ती गोष्ट तुमच्या मागे अनेक वर्षं चालते.

कागदांत मुख्य म्हणजे सेवेच्या काळाचं संस्थेचं पत्र, तिथले कर भरल्याचे पुरावे, बँक खातं बंद केल्याचं किंवा चालू ठेवल्याचं लेखी, वाहन परवाना, लसीकरणाच्या नोंदी, आणि दवाखान्यातले सगळे रिपोर्ट. घरी परतल्यावर तुमचा कराच्या दृष्टीने रहिवास बदलतो, तो कोणत्या तारखेपासून, हे निघण्याआधी जाणकाराकडून समजून घ्या. कधीकधी परतीची तारीख थोडी पुढे-मागे केल्याने फरक पडतो. मृत्युपत्र जुनं असेल तर तेही बघा.

तब्येत

हे मात्र घाईत उरकू नका. मी डॉक्टर नाही, पण ज्या गोष्टी डॉक्टरांना विचारायच्याच त्या सांगते. संस्थेचा आरोग्यविमा नेमका कोणत्या दिवशी संपतो आणि घरचा कोणत्या दिवशी सुरू होतो? नव्या विम्यात आधीच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ असतो का? या दोन तारखांच्या मधल्या फटीत कोणी आजारी पडलं तर पदरचे पैसे जातात. दातांची आणि डोळ्यांची कामं जिथे परवडतात तिथेच करून घ्या. औषधांची यादी कंपनीच्या नावाने न करता मूळ औषधाच्या नावाने करून घ्या, कारण देश बदलला की कंपन्यांची नावं बदलतात.

उष्ण प्रदेशातून परतल्यावर वर्षभरात केव्हाही ताप आला तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना तुम्ही कुठून आलात ते सांगा आणि मलेरियाची तपासणी मागा. व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया यकृतात दबून राहून कित्येक महिन्यांनी, क्वचित त्याहूनही उशिरा डोकं वर काढतो. दुसरी कमी माहितीतली गोष्ट म्हणजे स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत. मातीतून, अनवाणी पायांतून तो शिरतो आणि शरीरात दशकानुदशकं काही त्रास न देता राहू शकतो. पुढे दम्यासाठी, सांध्यांसाठी वगैरे स्टिरॉइड सुरू झाली की तो जिवावर बेतू शकतो. तुमच्या वयात स्टिरॉइड कधी लागतील सांगता येत नाही, म्हणून तुमचा भाग तसा असेल तर आधीच रक्ततपासणीचं विचारा. क्षयरोगाचंही विचारा. आणि प्रवास चार तासांहून लांबचा असेल तर पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तेव्हा अधूनमधून उठून चाला. आधी कधी असं झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नका.

घरी पोचल्यावर

परक्या देशात गेल्यावर होणाऱ्या गोंधळाबद्दल आणि मनाच्या चढउताराबद्दल कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने 1960 मध्ये लिहिलं. 1963 मध्ये जॉन आणि जीन गलाहॉर्न या दांपत्याने परदेशाहून परतलेल्या अमेरिकन अभ्यासकांकडे पाहून दाखवलं, की घरी आल्यावर तोच चढउतार पुन्हा एकदा होतो. प्रत्येकाचा आलेख असाच जातो असं पुढच्या अभ्यासांत दिसलं नाही, आणि माझाही अनुभव तसाच आहे. पण एक गोष्ट मला वारंवार दिसते. जाताना आपण अडचणी धरूनच जातो, परतताना धरत नाही. ‘आपल्याच तर घरी चाललोय.’ आणि मग दुकानातल्या निवडीने गोंधळायला होतं, मंडळीतली निम्मी माणसं अनोळखी असतात, आणि ‘कसं होतं तिकडे?’ विचारणारा उत्तराच्या दुसऱ्या वाक्याला घड्याळ बघतो.

म्हणून ‘कसं होतं?’ याची तीन उत्तरं तयार ठेवा. एक दोन मिनिटांचं, दारात भेटणाऱ्यांसाठी. एक वीस मिनिटांचं, मंडळीसाठी. आणि सगळं, अगदी सगळं, ऐकून घेणारी एक-दोन माणसं शोधा. ती घरचीच असतील असं नाही.

मंडळीच्या आखलेल्या रविवारांबद्दल स्पष्टच सांगते: नको म्हणा. एक सभा पुरे, तीही पोचल्यावर महिनाभराने, पुरेसा वेळ असलेली. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा अंत्युखियाला परतले तेव्हा त्यांनी मंडळी जमवली, देवाने काय केलं ते सांगितलं, आणि मग तिथे शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले. त्या राहण्यालाही तितकीच किंमत आहे. अध्यक्षपदालाही सध्या नको म्हणा, किमान सहा महिने. भाऊंना रिकामं राहणं भीतीचं वाटतंय, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. पण जो माणूस एक खुर्ची सोडून लगेच दुसरीवर बसतो, त्याला पहिलीचं दुःख करायला जागाच मिळत नाही, आणि ते दुःख मग घरातल्यांवर चिडचिड होऊन निघतं. बायबलमधला संदेष्टा एलीया थकून झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. पुढचं काम त्यानंतर.

मुलाच्या घराबद्दल, परिस्थितीवर अवलंबून असलं तरी माझं मत सांगते. परवडत असेल तर जवळपास वेगळं, लहानसं राहावं. नसेल, तर निघण्यापूर्वीच मुलगा-सुनेशी बोलून घ्या: किती काळ, खर्चात वाटा किती, स्वयंपाक कोणाचा, नातवंडांना सांभाळणं कितपत, आणि तुमच्याकडे भेटायला येणाऱ्या माणसांचं काय. तुम्ही अकरा वर्षं एक वसतिगृह चालवलंय. सुनेच्या स्वयंपाकघरात तुमचे हात आपोआप पुढे होतील. आणि तिथे दिवसभर दोघांची कामं वेगवेगळी होती, आता चोवीस तास एकमेकांसमोर असाल. रोज थोडा वेळ वेगवेगळं बाहेर पडायचं, एवढं ठरवलं तरी फरक पडतो.

पोलिन बॉस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका वेगळ्या तऱ्हेच्या दुःखाचा अभ्यास केलाय: माणूस गेलेला नसतो, पण समोरही नसतो. बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांपासून त्यांचं काम सुरू झालं. तुमच्या मुली जिवंत आहेत, हसतायत, शाळेत जातायत, फक्त तुमच्या डोळ्यांसमोर नाहीत. अशा दुःखाला भेटायला कोणी येत नाही, कारण कोणी गेलेलंच नसतं. तुम्ही दोघांनी तरी ते एकमेकांपाशी बोलून दाखवा. झोप, भूक काही आठवड्यांत जागेवर आली नाही, कशातच मन रमेनासं झालं, किंवा भाऊ एकदम विसराळू झाले, अंगदुखीची तक्रार वाढली, तर वयावर ढकलू नका. उतारवयातली उदासी बऱ्याचदा अशा रूपात येते, आणि तिच्यावर उपचार आहेत.

थोडक्यात तुमचे चार महिने असे: पहिल्यात सांगणं आणि वही. दुसऱ्यात फीचा हिशोब, समेट आणि डॉक्टर. तिसऱ्यापासून भाऊ मागच्या रांगेत, नव्या ताई वसतिगृहात पुढे. याच महिन्यात मुलाशी बोलणं आणि मंडळीला नको म्हणणं. चौथ्यात सह्या बदलणं, सामान, निरोप, आणि निघायच्या आधीचे तीन-चार दिवस एकही कार्यक्रम नाही.

‘मुलींना शेवटी काय सांगू?’ हा प्रश्नही तुमच्या मनात असणार. त्यांना सांगा की तुम्ही जाताय आणि परत राहायला येणार नाही. त्यांची शाळा कधीपर्यंत कशाने चालणार आहे ते आकड्यासकट सांगा. अडचण आली तर कोणाकडे जायचं, त्या बाईंचा हात त्यांच्या हातात द्या. पत्र किंवा फोन किती करणार, ते जमेल तेवढंच सांगा, आणि तेवढं पाळा. आज रात्री भाऊंबरोबर बसा आणि वहीच्या पहिल्या पानावर दोघांनी वेगवेगळ्या रंगाने लिहायला घ्या. पहिल्या आठवड्यात ज्या नोंदींपुढे नाव सापडणार नाही, त्या इथे लिहा. त्यांचं काय करता येईल ते एकेक करून बघू.